खंडेनवमी आणि मंदारची काडतुसं

आमच्या आयर्लंडमधल्या लिमरिकच्या मराठी मंडळींत प्रत्येक घराचा एक ठरलेला विषय आहे. कुणाचं घराचं एक्सटेन्शन, कुणाच्या सासू-सासऱ्यांचा व्हिसा. आमच्या घराचा विषय म्हणजे मंदारची रायफल. पॉटलकला पोचले की हातातला डबा घ्यायच्या आधी विचारतात, "काय मृणाल, नवीन काय?" आणि असतंच हो काहीतरी! सगळे हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? हे घडत होतं तेव्हा मी एकदाही हसले नव्हते.

मंदार माझा नवरा, हातांचा सर्जन. मी भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हा माझा धंदा आणि माझी झोप उडवणं हा त्याचा छंद!

*

त्याच्या हॉस्पिटलातल्या एका मित्रानं त्याला डोंगरात हरणांच्या शिकारीला नेलं आणि गडी कामातून गेला. लायसन्स आलं, रायफल आली, भिंतीला ठोकलेली लोखंडी तिजोरी आली. किल्ली फक्त त्याच्याकडे, तसा कायदाच आहे. एवढं मी पचवलं.

मग एक दिवस म्हणाला, "आता काडतुसं मी स्वतः भरणार."

"अरे, दुकानात मिळतात ना?"

"पोळ्याही मिळतात. तू आणतेस का?"

"पोळी फुटून कुणाचा डोळा जात नाही!"

जरा विचार करून म्हणाला, "फुलका फुटतो की."

अशा माणसाशी काय बोलणार? नशीब, इथे हे उद्योग घरी करायला मनाई आहे. क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर एक खोली आहे, तिथेच भरायचं, तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली. घरी फक्त काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या घासत बसतो. देवाची भांडी कधी घासली नाहीत त्यानं!

*

देखरेख करणारा एमन. शाळेत गणित शिकवायचा, आता रिटायर्ड. त्याचे नियम दोन. फोन गाडीत ठेवायचा. आणि नळीत बंदुकीची दारू ओतताना कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही.

आमचा पुण्याचा समीर, आयटीवाला, एकदा हौसेनं मंदारबरोबर गेला. पुण्याचा माणूस, गप्प किती वेळ बसणार? मध्येच म्हणाला, "याचं एक साधं ॲप करता येईल." एमननं एक शब्द न बोलता भरलेल्या सगळ्या नळ्या परत डब्यात रिकाम्या केल्या. सगळं पहिल्यापासून!

"अहो, मी फक्त बोललो!" समीर म्हणाला.

एमननं त्याला भिंतीपाशी नेलं. तिथे खिळ्याला एक नळी टांगलेली होती, सोललेल्या केळासारखी उघडलेली. काडतुसाची नव्हे, रायफलचीच ती.

"हिच्या मालकालाही कुणीतरी मध्येच काहीतरी विचारलं होतं," एमन म्हणाला. "कुठवर भरलंय ते विसरला आणि एकात दोनदा दारू गेली."

"आणि तो माणूस?"

"ग्रँड आहे, एकदम मजेत. शर्टाची बटणं बायको लावते."

समीर परत गेला नाही. हे त्यानं मला आमच्याच किचनमध्ये, माझ्याच हातचा चहा पीत सांगितलं. मी मंदारच्या बोटांकडे बघत बसले. बिस्किट बुडवत होता शांतपणे!

*

त्यानंतरचं तर मंदारनं स्वतःच जेवताना सांगितलं, एखादी केस सांगावी तसं. रेंजवर घोडा दाबला तर धाड आवाजच नाही. नुसतं फुस्स! यानं पुढचं काडतूस घ्यायला हात घातला, तर एमन मागून असा ओरडला की शेजारचे दोघं खाली बसले. दारू कमी पडून गोळी रायफलच्या नळीतच अडकली होती.

"आणि दुसरी मारली असतीस तर?" मी विचारलं.

"बॅरल फुटली असती."

"आणि तू?"

"मी मागेच होतो की बॅरलच्या!"

आमची लेक म्हणाली, "Mam, he's grand, look at him." मी उठून भांडी घासायला लागले, तीही स्वच्छच होती.

*

यंदा नवरात्रात सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. खंडेनवमीला मी सकाळची ड्यूटी करून घरी आले, तर किचनभर उदबत्तीचा वास आणि सासूबाई एकदम खूश.

"सगळ्या शस्त्रांची पूजा केली व मी," म्हणाल्या. "सुऱ्या, कात्री, मंद्याचा ड्रिल."

"छान केलंत, आई."

"बंदूक तर त्यानं कुलपात ठेवली. तो आंघोळीला गेल्ता, मंग म्हटलं, हे पितळेचं तरी पुजावं. त्या लाकडी खोक्यात कशा ओळीनं उभ्या होत्या! फुलं वाहिली, मंग ती उचलून झाकण लावून ठेवलं. नाहीतर ओरडते तो."

मी विचारलं, "आई, अक्षता?"

"वाहिल्या न! बराबर भोकातच गेल्या बाप्पा, एक दाणा बाहेर नाही सांडला!"

"खोका कुठंय?"

"मंद्या घेऊन गेला न, भराले."

तळाशी तांदूळ, वर मोजून दारू. जागा कमी आणि दाब जास्त. इतकी वर्षं जेवताना ऐकलेलं सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात जुळलं. फोन लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. गाडीत असणार, एमनचा नियम!

मी कशी गाडी चालवली मला माहीत नाही. वाटेत एक ट्रॅक्टर आडवा आला, त्याला मी मराठीत शिव्या घातल्या. मनात एकच, त्याचे हात. देवा, त्याचे हात.

रेंजवर पोचले, गाडीचं दार उघडलं, आणि समोरून धाड!

मग काहीच नाही. मी गाडीच्या दाराला धरून उभी. रोज माणसांचे श्वास मोजणारी मी, मला माझाच श्वास सापडेना.

खोलीतून एमन बाहेर आला. त्याच्यामागे मंदार, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात.

"हात बाहेर काढ!" मी किंचाळले.

"मृणाल? तू इथे कशी?"

"हात! दोन्ही!"

त्यानं हात काढले. मी बोटं मोजली. परत मोजली. मग ते हात धरून त्या पार्किंगमध्ये भोकाड पसरलं. बार शेजारी नेमबाजीचा सराव करणाऱ्या कुणाचा तरी होता, हे नंतर कळलं. मंदारनं तोवर एकही नळी भरली नव्हती. भरण्याआधी एमन प्रत्येक नळी स्वतःच्या तळहातावर उलटी करून ठोकतो, आणि तो अजून ठोकतच होता.

माझं रडणं थांबेपर्यंत एमन गणिताच्या मास्तरासारखा गंभीर उभा राहिला. मग त्यानं माझ्यासमोर मूठ उघडली. मुठीत कुंकू लावलेले तांदूळ.

"लग्नात तांदूळ आम्हीही उधळतो," तो म्हणाला. "मला न बोलावता कुणाचं लावलंत?"