नापास करता न आलेल्या टेस्टिंगबाई

काम बिघडलं की चेहरा उजळतो, अशा बाई मी आयुष्यात एकच पाहिल्या. कॉम्प्युटर अडकला, पडद्यावर लाल पट्टी आली, की त्या खुर्चीतून अर्ध्या उठायच्या आणि विचारायच्या, ‘‘बिघडलं? कुठे? पुन्हा करून दाखवा ना.’’ नातवाने पहिलं पाऊल टाकल्यावर आजीचा निघावा तसा तो स्वर. आमच्या गोदामात काही बिघडलं की लोक आधी तिथून सटकायचे आणि मग नाव कुणाचं घ्यायचं ते ठरवायचे. त्यामुळे या बाई आम्हाला पहिल्यांदा जरा चळलेल्याच वाटल्या.

गोदाम कामतघरचं, भाऊशेठचं. आसपासच्या लूमवाल्या व्यापाऱ्यांचं कापड आमच्याकडे यायचं, तिथून रंगाईला जायचं आणि डागी निघालेले तागे परत यायचे. मी मालाबरोबर जाणारी चलनं लिहायचो. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. शेठच्या मेहुण्याने कॉम्प्युटर घेतला, म्हणून शेठनेही घेतला आणि गोदामाचा सगळा कारभार सांभाळणारा प्रोग्राम ठाण्याच्या एका कंपनीकडून बनवून घेतला. मुहूर्त ठरला दसऱ्याचा. त्या दिवशी यंत्राला हार घालायचा आणि जुनी रजिस्टरं बांधून माळ्यावर टाकायची. त्याआधी आम्ही वापरणाऱ्यांनीच प्रोग्राम चालवून बघायचा आणि प्रत्येक कामापुढे ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहून द्यायचं, अशी कंपनीची रीत. ते लिहून घ्यायला या बाई रोज धामणकर नाक्यावर शेअर रिक्षातून उतरून चालत यायच्या. नाव त्यांना होतं, पण पहिल्या दिवशी ‘‘टेस्टिंगला आलेय’’ म्हणाल्या आणि कायमच्या टेस्टिंगबाई होऊन बसल्या.

टेबलावर त्यांनी लिमलेटच्या गोळ्यांची बरणी ठेवली होती. चूक दाखवील त्याला गोळी. ‘‘मला खुशाल शिव्या द्या,’’ त्या म्हणायच्या, ‘‘फक्त दसऱ्याच्या आधी द्या.’’ आम्ही हसायचो. बरणी होती तशीच भरलेली राहायची.

याला कारण अनंतमामा. मामा आमचा गोदाम कीपर, दिघाशी गावचा. बाईंच्या डब्यातली कोरडी पोळी आणि लोणचं त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मामीच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट त्यांच्यासाठी येऊ लागली. मामा त्यांना ‘बाय’ म्हणायचा, घरातल्या बहिणीला म्हणावं तसं. आणि जिला आपण जेवू घातलं तिच्या कामाला नावं ठेवायची म्हणजे मामाच्या दृष्टीने वाढलेलं ताट ओढून घेण्यासारखंच.

प्रोग्राममध्ये चुका नव्हत्या असं नाही, भरपूर होत्या. सगळ्यात मोठी मामालाच सापडली. परत आलेला डागी तागा नोंदवला की तो भलत्याच व्यापाऱ्याच्या नावावर चढायचा. मामाने इकडेतिकडे पाहिलं, कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि कागदावर ‘पास’ लिहिलं. मग आम्हाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, ‘‘बाय असंल तवा त्या बटनाला हात लावाचा न्हाय.’’ लोडिंगचा मुकादम सलीमभाई गंभीरपणे म्हणाला, ‘‘मैडम की नौकरी का सवाल है.’’ आणि मग आम्ही जी नाटकं केली, काय सांगू तुम्हाला. लाल पट्टी आली की सलीमभाई पडद्यापुढे चहा घेऊन उभा राहायचा. बाईंनी अडकलेला कॉम्प्युटर पाहिलाच, तर आम्ही लाइट गेल्याचं सांगायचो. डोक्यावर पंखा फिरत असायचा.

दसरा तोंडावर आला. बाईंनी सगळे कागद गोळा केले आणि चाळता चाळता खाली बसल्या. ‘‘सगळं पास?’’ कुणाच्या जाण्याची बातमी ऐकावी तसं त्यांनी विचारलं. मामा अभिमानाने हसला.

‘‘मामा, असं होत नसतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘याआधी एका गोदामात असंच सगळं पास झालं होतं. चालू केल्यावर माल कमी दिसायला लागला. कीपरला चोर ठरवून काढून टाकलं. चूक प्रोग्रामची होती हे कळेपर्यंत तो घरदार घेऊन निघून गेला होता. त्याच्याही घरचं मी जेवले होते. इथे कीपर तुम्ही आहात. मी पाया पडते, काय बिघडलंय ते सांगा.’’

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग कळवळून म्हणाला, ‘‘अगं बाय, पण तू जेवलीस का?’’

त्या दिवशी बाई एकेकाला गाठून विनवत होत्या. हात जोडत होत्या, चिडत होत्या, बरणी पुढे करत होत्या. त्या जितक्या रडकुंडीला येत, तितकी आम्हाला त्यांची दया येई, आणि तितकं आम्ही जास्त लपवू. कंपनीत त्यांच्यावर काहीतरी बालंट आलंय, अशी आमची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या बाई वेगळ्याच होत्या. मामाने भाकरी पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘प्रोग्राम माझा आहे, तो चुकत नाही. उद्या माल इकडचा तिकडे झाला, तर तो माणसांच्या हातून होईल. कीपरच्या हातून.’’

मामाचा चेहरा पांढरा पडला. ‘‘तुला बाय म्हटलं,’’ तो हळू बोलला, ‘‘आन तू मना चोर ठरवतेस?’’ मग खुर्ची ओढून तो कॉम्प्युटरपुढे बसला. ‘‘ह्यो तागा कुनाचा हाय, वाच. आता बघ, कुनाच्या नावावर जातोय.’’ तागा गेला भलत्याच्या नावावर. मामाने टेबलावर हात आपटला. ‘‘नापास.’’

मग बांधच फुटला. सलीमभाईने सांगितलं की लोडिंगच्या पर्चीवर गाडीचा नंबरच येत नाही. मीही हात धुऊन घेतले. रद्द केलेली चलनं दोन-दोनदा छापून येत होती. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. त्यांनी एकदाही ‘पुन्हा दाखवा ना’ म्हटलं नाही. बरणीलाही कुणी हात लावला नाही. त्यांची गोळी आता कोण खाणार?

दुपारी मी कापडाच्या गाठींमागे गेलो, तर तिथे बाई एकट्याच कोरडी पोळी खात बसलेल्या. चेहरा तोच, काहीतरी बिघडल्यावर उजळायचा तो, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. ‘‘मी मुद्दाम तसं बोलले, हे दसऱ्यापर्यंत कुणाला सांगू नका. मामांचा राग उतरला की हात थांबेल त्यांचा.’’

राग उतरला नाही. दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूचा हार पडला, शेठने नारळ फोडला आणि डागी तागा मुकाट आपल्या मालकाच्या नावावर गेला. मामा सगळ्यांना आपट्याची पानं वाटत आला आणि बाईंच्या खुर्चीवरून अशी नजर नेली, जणू ती रिकामीच आहे. बाईंनी पर्स उचलली, बरणी तिथेच ठेवली आणि निघाल्या. शेठने मला पेढ्यांच्या मागे पळवलं होतं. मोकळा झालो तसा मी मामाकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं.

मग मुठीत आपट्याची पानं घेऊन, चपला न घालता, तो धामणकर नाक्याकडे चालू लागला. परत आला तेव्हा पानं मुठीतच होती, चुरगळलेली. ‘‘सणाची उपाशी गेली,’’ एवढंच म्हणाला. पुढे कंपनीला फोन केला, तेव्हा बाईंनी ती नोकरी सोडल्याचं कळलं. कुठे गेल्या ते तिथल्या कुणाला माहीत नव्हतं.

काही वर्षांनी शेठने प्रोग्राम बदलला आणि टेस्टिंगला दोन तरुण आले. मामाने पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे भाकरी-सुकट वाढली, समोर बसला आणि सुरू झाला, ‘‘ह्ये नापास. ह्ये बी नापास. तुमी जेवा सावकाश, मंग आनखी दोन दावतो.’’ आणि प्रत्येक चुकीनंतर तो हात पुढे करून थांबायचा. तो का थांबलाय, हे त्या पोरांना कळायचं नाही. मी खिशातून लिमलेटची गोळी काढायचो आणि त्याच्या तळहातावर ठेवायचो.