दुप्पट मापाची बाई

माझी मावशी कपडे उसवून मोठे करून देते. एकतीस वर्षं हेच काम. शिवणीत आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. मावशीची माया कापडात सढळ, बोलण्यात टिपूस नाही.

दुकानात सगळ्यात जास्त फेऱ्या माझ्या आईच्या. तीन बाळंतपणं, मग गुडघे, मग थायरॉइड. दर वेळी ओशाळून "आता कमी करते गं" म्हणायची. मावशी टेप लावायची आणि आकडा लिहून घ्यायची. मोठ्याने कधी वाचला नाही.

मावशीच्या गिऱ्हाइकांत एक शिल्पकार बाई होत्या. बायकांचं शरीर या विषयावर प्रदर्शन भरवत होत्या. तुम्हीही काहीतरी करा, म्हणून त्या मागेच लागल्या. "मला कुठलं येतंय," म्हणत मावशीने चार महिने खपून एक बसलेली बाई केली. आत तारेचा सांगाडा, त्यावर खळीत भिजवून वाळवलेल्या जुन्या चादरींचे थर, वरून शिवलेलं कापड. मापं आईची, बरोब्बर दुप्पट. हे फक्त मला ठाऊक होतं. आईला आधी कळलं असतं तर ती तिकडे फिरकलीच नसती.

प्रदर्शनाच्या सकाळी टेम्पोतून बाई उतरवली आणि ती दारात अडली. दार बत्तीस इंच, बाई पस्तीस.

"दोन्ही बाजूंनी थोडी आत घ्या ना," शिल्पकार बाई म्हणाल्या. "कुणाला कळणारही नाही."

"नाही घ्यायची."

"मग बाहेर ठेवू या."

"बाहेरही नाही."

मला वाटलं, झालं, चार महिने पाण्यात. मावशी ढिम्म. तिने सरळ सुतार बोलावला आणि दाराची चौकट काढायला सांगितली. शिल्पकार बाईंनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही.

संध्याकाळी आई आली. पुतळ्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. पाठीच्या वळ्या, खाली झुकलेला डावा खांदा, सगळं निरखून पाहिलं. आता ही चिडून निघून जाणार, असंच मला वाटलं.

"ही मी ना?" तिने मावशीला हळूच विचारलं.

"हो, ताई."

"आत कशी आणलीस?"

"चौकट काढून."

आई दाराच्या उघड्या विटांकडे बघत राहिली. "सुतार काहीतरी बोलला असेल."

"बोलला ना. म्हणाला, दारच अरुंद केलंय."

आईला तिथेच, चारचौघांत रडू फुटलं. असं तिला घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.