सरदारजींच्या पगडीचं दुसरं टोक

मित्रांनो, सडक अर्जुनीत टायरचं दुकान चालवणारे सरदारजी माझे वीस वर्षांपासूनचे शेजारी. आज सकाळी पेपर मागायला गेलो, तर पगडीचं लांबलचक कापड खिडकीच्या गजाला बांधून एकटेच घडी घालून राहिले होते.

"खिडकीला काऊन बांधलं जी?"

"पगडी बांधायच्या आधी ही घडी दोघांनी घालावी लागते, भाऊ. दुसरं टोक तुमची भाभी धरायची."

भाभींना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा गुरुद्वाऱ्यात लंगर जेवून आलो, पण आता दुसरं टोक कोण धरतं, हे कधी विचारलं नाही.

मी गाठ सोडून टोक धरलं. माझ्या हातून ते जमिनीला लागलं. सरदारजींनी ते उचलून कपाळाला लावलं आणि परत माझ्या हातात दिलं.

रोज दिसणारी पगडी बांधायला दुसरा माणूस लागतो, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत होतं?

उद्यापासून खिडकीला सुट्टी.