ट्रेलरमधला हंबरडा

माझा भाऊ अझुबुइके, आमचा अझू, सिनेमाच्या ट्रेलरांना संगीत देतो. संगीत देतो असं आपलं म्हणायचं. पत्र्याच्या गोदामात कुणी भरलेलं कपाट ढकलून द्यावं तसा एक धडाका, त्यामागे यंत्रातून काढलेले शंभर गळे 'आऽऽ' करत, मग एकदम शांतता, की परत धडाका. त्यावर एक माणूस घसा फोडून ओरडतो की हा सिनेमा पाहिला नाहीत तर जन्म फुकट. गोष्ट राजवाड्याची असो, कॉलेजातल्या पोरींची असो, नाही तर पाद्र्याला भुतानं धरल्याची असो, धडाका तोच. असाबा शहरात राहून हे ऐकायचं टाळणं अशक्य आहे.

त्यातून माझं नशीब थोर. माझं दुकान सुक्या मासळीचं, आणि बरोब्बर समोर बोनीचं सिनेमाच्या डिस्कांचं. त्याच्या कर्ण्याचं तोंड माझ्याकडे. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला पाच-सहा ट्रेलर असतात, आणि बोनी तेवढेच वाजवतो; सिनेमा सुरू झाला की डिस्क काढतो, म्हणजे फुकट बघणाऱ्यांची सोय नको. लोक मला विचारतात, उगोन्मा, दिवसभर या वासात तुला मळमळत नाही का? वासानं मला कधीच मळमळलं नाही. त्या आवाजानं मळमळतं.

अझूला कान नसता तर मी एवढी चिडले नसते. त्याला कान होता. लहानपणी तो अंगणात बसून सांगायचा की पलीकडच्या घरी यामचे कंद कोण कांडतंय, आई की मुलगी. पुढे गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागला. त्या ऑर्गनच्या काही पट्ट्या मेलेल्या होत्या. तो त्या अशा चुकवायचा की फादरना वाटायचं, वाद्य दुरुस्त करून घेतलंय कुणीतरी. आमची आई मागच्या बाकावर बसून डोळे मिटायची. ती स्वतः गावात गळ्यासाठी नावाजलेली बाई, तेव्हा डोळे मिटणं ही काही साधी पावती नव्हती.

मग एका लग्नात त्याला चीफ ओकाफोर्चा नावाचा माणूस भेटला. चीफ म्हणजे सिनेमे काढणारा, बोटांत अंगठ्या, आठवड्याला एक सिनेमा. त्यानं अझूला शहरात आणलं, एका खोलीत बसवलं, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून दिल्या आणि पहिल्याच दिवशी धडा शिकवला. तो मी माझ्या कानांनी ऐकलाय, मी जेवण घेऊन गेले होते.

"हे काय वाजवलंस?" चीफ म्हणाला.

"नायिकेचं मूल जातं ना, म्हणून जरा हळू घेतलंय."

"हळू? बाजारात बाई टोमॅटो निवडतेय, तिला हळू ऐकू येणार आहे का? ट्रेलरचं संगीत कानासाठी नसतं रे बाबा. ते कॉलर धरण्यासाठी असतं. चालता माणूस थांबला पाहिजे."

"पण चीफ, गाणं म्हणून..."

"गाणं चर्चमध्ये. इथं धडाका."

अझूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उठेल आता. पण त्यानं पट्टी दाबली आणि धडाका दिला. चीफ खूश. मी डबा तिथंच ठेवून निघाले. कसली चीड आली होती, सांगता सोय नाही.

पुढं तो त्यात मुरला. आवाजांचं एक गाठोडंच केलं त्यानं: काच फुटल्याचा, घुबडाचा, यंत्रातल्या गळ्यांचा. चीफचा माणूस सकाळी यायचा, दुपारी ट्रेलर घेऊन जायचा. गाठोड्यातून आवाज काढायचे आणि चित्रावर थापायचे, झालं काम. दुसरे ट्रेलरवाले त्याच्याकडून उचलायचे, तो त्यांच्याकडून. कुणी कुणाला विचारायचं नाही. आमच्या धंद्यात हे असंच असतं ताई, तो म्हणायचा. धंदा कसला, उकिरडा म्हण, असं मी म्हणायची. तो हसायचा.

याच सुमारास आमचे वडील गेले.

आमच्या गावात मयताला कुणीही उठून रडत नाही. शवपेटी अंगणात आली की सगळे गप्प बसतात. एका बाईनं आधी हंबरडा फोडायचा, मेलेल्याला त्याच्या मानाच्या नावानं हाक मारायची, त्याला दोन शब्द ऐकवायचे. तिचा आवाज उठला की मग बाकीच्या बाया उठतात, मग पुरुषांनी डोळे पुसले तरी चालतं. गावात हा मान वर्षानुवर्षं माझ्या आईचा. कुणाकुणासाठी रडली असेल ती. पण प्रत्येकाचं रडणं वेगळं. ज्याचं त्याला. एकाचे शब्द दुसऱ्याला तिनं कधी लावले नाहीत.

वडिलांच्या वेळी तिनं हाक मारली ती अजून माझ्या अंगावर येते. "एबुबेदिके," ती म्हणाली, हे वडिलांचं मानाचं नाव, "एबुबेदिके, पाणी तापलंय. ऊठ, निवून जाईल." बस्स. रोज सकाळी ती त्यांना याच शब्दांनी उठवायची. त्या 'एबुबेदिके'मधला 'के' तिनं असा लांबवला की शेवटी आवाज फाटला. अख्खं अंगण कोसळलं.

अझू शेजारी फोन धरून उभा होता. त्यानं ते भरून घेतलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आई काही जन्माला पुरणार नाही, निदान आवाज राहील, तो म्हणाला, आणि तेव्हा तो खरंच रडत होता.

पावसाळा संपताना एका दुपारी मी मासळी पालटत होते आणि समोरून आई ओरडली, "एबुबेदिकेऽऽ!" माझ्या हातातली टोपली पडली. वळून पाहिलं तर बोनीच्या पडद्यावर एक नट छाती बडवत होता, आणि आईच्या आवाजाखाली तो पत्र्याचा धडाका. नाव धड कळत नव्हतं; अझूनं ते ताणलं होतं, घुमवलं होतं. पण आईचा आवाज मला नाही कळणार?

मी दुकान तसंच टाकून अझूच्या खोलीवर गेले.

"ते काय लावलंयस तू?"

त्यानं लगेच ओळखलं. "ताई, चीफला तासाभरात रडणं पाहिजे होतं. यंत्रातलं रडणं ऐकून तो म्हणाला, हे शेळीसारखं वाटतंय. माझ्याकडे दुसरं नव्हतं."

"दुसरं नव्हतं म्हणून आईचं?"

"नाव ऐकू येत नाही नीट. कोणाला कळणार?"

"मला कळलं."

"तुझा कान वेगळा."

"तुझाही होता."

तो म्हणाला, "काढतो. पुढच्या वेळी नाही वापरणार." आणि माझ्या भावानं शब्द पाळला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण त्याच्या पाळण्यानं काय होणार? तोवर बाकीच्या ट्रेलरवाल्यांनी ते उचललं होतं. वर्षाच्या आत ते सगळीकडे झालं. मूल मेलं, आईचा हंबरडा. राजा मेला, हंबरडा. एका विनोदी सिनेमात तर एका ढेरपोट्याची विजार बाजारात गळून पडते, आणि त्यावर माझी आई माझ्या मेलेल्या बापाला हाक मारते. लोक पोट धरून हसायचे. पोरं रस्त्यात एकमेकांना टपल्या मारून तसं ओरडायची. मला त्या दिवसांत अन्न गोड लागत नव्हतं. घाणीत हात गेला तर धुता येतो, हे कुठं धुवायचं?

आम्ही आईपासून लपवलं. गावात वीज असून नसल्यासारखी, तिला कोण दाखवणार, असं वाटलं. पण तिची मैत्रीण ओबिदिया हिच्या मुलानं जनरेटर आणला आणि शेजारपाजारच्या बायांना सिनेमा बघायला बोलावलं. नेमका तो विजारीचाच ट्रेलर लागला. बाया हसल्या. आईही हसायला लागली होती म्हणे, आणि मधेच थांबली.

रविवारी आम्ही दोघं गावी गेलो तेव्हा ती केळी सोलत होती. अझूकडे न बघता म्हणाली, "ती मी आहे ना?"

"हो आई."

"त्या जाड्याच्या विजारीसाठी मी रडतेय?"

"ते दुसऱ्यांनी लावलंय. मी तर..."

"त्यांच्याकडे आलं कुठून?"

आईनं अझूला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं केळी तेलात सोडली, तळली, त्याच्यापुढं ताट सरकवलं. ओबिदिया तिथंच बसली होती. बोळक्या तोंडाची, भारी खट्याळ म्हातारी. ती म्हणाली, "जाऊ दे गं. माझ्या वेळी नवीन काहीतरी रड म्हणजे झालं. विजार नको हं माझ्या पेटीवर."

आई तेवढ्यावर हसली. "तुझ्यासाठी मी असं रडीन की तुझा नवरा वरून खाली बघायला येईल."

"नको बाई, त्याला तिथंच राहू दे."

पुढच्या कोरड्या दिवसांत ओबिदिया गेली.

तिच्या मुलानं थाट केला. मांडव, एका रंगाचं कापड सगळ्या नातलगांना, भाताची भांडी, आणि शहरातून आणलेला कर्णेवाला, माणसाच्या उंचीचे दोन कर्णे घेऊन. पेटी अंगणात आली. सगळे गप्प झाले. आई उठली. डोक्यावरचं फडकं तिनं सोडून कमरेला बांधलं, पेटीपाशी गेली. ती काय म्हणणार होती ते तिनं आदल्या दिवशी मला अर्धंमुर्धं सांगितलं होतं. दोघी मुली असताना नदीवर एकीचं भांडं वाहून गेलं त्याचं काहीतरी होतं. मी वाट बघत होते. ओबिदियासाठी एवढं एकच तिला करायचं होतं.

तिनं तोंड उघडलं, पहिला सूर काढला, आणि मांडवाच्या कडेला खसखस पिकली. "अरे, तीच," कुणीतरी म्हणालं. "ट्रेलरवाली बाई." फोन वर झाले. एका मुलीनं हसू दाबायला तोंडावर हात ठेवला, आणि ती काही दुष्ट नव्हती. तिला खरंच तो ढेरपोट्या दिसत असणार.

आईचा सूर तिथंच तुटला.

अझू पुढं झाला. "आई, म्हण ना. त्यांच्याकडे बघू नकोस."

"काय म्हणू? सगळ्यांनी ऐकलंय माझं."

"हे नाही ऐकलं."

"आता हेही तेच वाटेल," आई म्हणाली.

ती उभीच राहिली. पेटी उन्हात, लोक गप्प. ओबिदियाचा मुलगा घाबरला. आपली आई बिनरडण्याची जाते की काय, असं त्याला झालं असावं. त्यानं कर्णेवाल्याला खूण केली. त्या कर्णेवाल्याकडे मयतासाठी म्हणून जे होतं ते त्यानं लावलं. आधी शंभर गळे, मग धडाका, आणि मग माझी आई, माणसाच्या उंचीच्या दोन कर्ण्यांतून, ओबिदियाच्या पेटीवर माझ्या वडिलांना हाक मारत: एबुबेदिके, पाणी तापलंय.

आईनं फडकं सोडलं, परत डोक्याला बांधलं आणि चालू लागली. मांडवातून, खुर्च्यांमधून, रस्त्याला. कुणी तिला थांबवलं नाही, कारण बाया आधीच रडायला लागल्या होत्या.

अझू पळत गेला तो आईमागे नाही, कर्ण्यांकडे. त्यानं वायर उपटली. एकदम शांत झालं. रडणाऱ्या बाया रडायच्या थांबल्या. तो वायर हातात धरून उभा, तोंड उघडं, आणि मला कळलं की तो स्वतः रडायचा प्रयत्न करतोय, कुणीतरी सुरुवात केली पाहिजे म्हणून. पण त्याच्या गळ्यातून काही येईना. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोणालाच कशी सुरुवात करायची ते माहीत नव्हतं, मलासुद्धा नाही; आई होती ना, आम्ही शिकलोच नव्हतो.

घराण्यातले सगळ्यात वडीलधारे, म्हणजे दिओक्पा, न्वाबुओकेई काठी टेकत त्याच्यापाशी आले. माणूस वाईट नाही, दमला होता फक्त. "बाळा," ते म्हणाले, "लाव ती. मढं ताटकळलंय."

अझूनं त्यांच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. आई वळणाच्या पलीकडे गेली होती. त्यानं खाली बसून वायर लावली.

परत धडाका. परत शंभर गळे. परत ती हाक. बाया छाती बडवून रडल्या, पुरुषांनी डोळे पुसले, ओबिदियाला रीतसर माती मिळाली. आणि मला सगळ्यात किळस वाटते ती याची की त्या धडाक्यासरशी माझ्याही डोळ्यांना धार लागली, आणि मी कोणासाठी रडत होते ते मला आठवेना.