अलार्म कुणी बंद केला?

"चार वाजता क्लायंटचा कॉल आहे, आणि हे काय आहे?" आमचे मॅनेजर मिस्टर लिम यांनी इंजिनिअर निखिलचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला. "क्लायंटकडे ड्राफ्ट गेलायसुद्धा. यू फिक्स इट, लाह."

सिंगापूरच्या आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे. इंजिनिअर जे करतात ते बाहेरच्या माणसाला कळेल अशा इंग्रजीत मांडायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, बाई नुसती स्पेलिंगं तपासते. वाटू दे.

रिपोर्ट जेमतेम अर्धं पान होता. 'अलार्म म्यूटेड. आफ्टर व्हर्बल अप्रूव्हल. ह्युमिडिटी फाउंड हाय.' सगळा असाच तुटक. इंग्रजीत याला सेंटेन्स फ्रॅगमेंट म्हणतात, म्हणजे वाक्यात कर्ता तरी नसतो नाहीतर क्रियापद तरी. चॅटवर सगळे असंच लिहितात, तिथे काही बिघडत नाही. रिपोर्टमध्ये बिघडतं.

झालं होतं असं. चिप्सना दमट हवा चालत नाही, म्हणून त्या खास कोरड्या कपाटात ठेवतात. कपाटात दमटपणा वाढला की अलार्म वाजतो. या कपाटाचा सेन्सर बरेच दिवस उगाचच बोंबलत होता. शनिवारी तो पुन्हा वाजला तेव्हा शिफ्टवर निखिल एकटा होता. त्याने अलार्म बंद केला. नेमका त्या वेळी दमटपणा खरंच वाढला होता. क्लायंटचा अख्खा लॉट वाया गेला.

निखिल पुण्याचा, इथे एम्प्लॉयमेंट पासवर. नोकरी गेली की पास गेला, आणि पास गेला की बाडबिस्तरा गुंडाळायचा. त्यात त्याच्या बायकोला दिवस गेलेले.

मी त्याला मीटिंग रूममध्ये बसवलं. "अप्रूव्हल कुणी दिलं?"

"फोनवर मिळालं, ताई."

"फोनने दिलं का? माणसाचं नाव सांग की!"

त्याने दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "जोशी सरांनी. म्हणाले, सेन्सर बिघडलाय, बंद कर, सोमवारी बदलू."

जोशी सर आमचे सीनियर इंजिनिअर. निखिलला ही नोकरी त्यांनीच लावून दिली. नवा आला तेव्हा घर मिळेपर्यंत तो त्यांच्याच फ्लॅटवर राहिला, वहिनींच्या हातचं जेवला. आम्हा मराठी मंडळींचे सगळे सणवार त्यांच्याकडेच होतात.

"त्यांचं नाव कसं घालू, ताई? खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं होईल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोराचं इंग्रजी चांगलं होतं. त्याने नावं मुद्दाम गाळली होती.

"आणि खाली तुझं नाव आहे त्याचं काय?"

"माझ्यावर आलं तर येऊ दे."

माझं टाळकंच सटकलं. "येऊ दे? बायकोला विचारलंस?"

तेवढ्यात मिस्टर लिमनी दारातून डोकं आत घातलं. क्लायंटच्या मॅडमचा मेल आला होता. त्यांनी विचारलं होतं, तुमच्या इंजिनिअरने स्वतःच्या मनाने अलार्म बंद केला आणि ते 'अप्रूव्हल' मागाहून जोडलं का? लिम निखिलकडे न बघता मला म्हणाले, "तिला हा माणूस नको आहे. मी काय करू, लाह?"

ते गेले. निखिलने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"नाव मी घालणार नाही," मी म्हटलं. "मी तिथे नव्हते. तूच लिही. कुणी सांगितलं, कुणी केलं. एकही वाक्य अधांतरी नको."

त्याने लिहिलं. "आधी जोशी सरांना दाखवतो."

"दाखव. परवानगी मागू नकोस."

त्याने पाठवलं. जोशी सरांनी मेसेज वाचल्याची खूण दिसली, पण उत्तर नाही. मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली आणि तशीच गार होऊ दिली. मनात एकच भुंगा: त्यांनी 'मी असं बोललोच नाही' म्हटलं तर? फोनवरच्या बोलण्याला पुरावा कुठला? मीच पोराला खड्ड्यात ढकलते आहे की काय?

कॉल सुरू झाला. जोशी सरांची खुर्ची रिकामीच. मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "अलार्म कुणी बंद केला?"

निखिलने स्क्रीनवरून वाचलं. मिस्टर जोशी यांनी मला फोनवर अलार्म बंद करायला सांगितलं. मी रीडिंग न बघता तो बंद केला.

मग मॅडम म्हणाल्या, "हे मिस्टर जोशी मान्य करतात का?"

दार उघडून जोशी सर आत आले होते. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "हो, मीच सांगितलं. रीडिंग किती आहे, हे मीही विचारलं नाही."

त्यानंतर माणसाला काढायचा विषय निघालाच नाही. सेन्सर कधी बदलणार, अलार्म बंद करायला यापुढे दोघांच्या सह्या लागतील का, यावरच कॉल संपला.

बाहेर आल्यावर जोशी सर निखिलवर भडकले. "मला वाचवायला निघालास होय रे? मला साधं विचारलं तरी होतंस?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही नसतात तर हा गप्पच बसला असता आणि याच्या नोकरीवर आलंय याचा मला पत्ताही लागला नसता."

जोशी सरांना वॉर्निंग लेटर मिळालं. निखिलच्या पासचं रिन्यूअल झालं. नव्या इंजिनिअरना मी आता पहिल्याच दिवशी बजावते: वाक्यातून नाव गाळलंत तरी ती जागा रिकामी राहत नाही. साहेबलोक तिथे हाताशी असलेल्या सगळ्यात धाकट्या माणसाला बसवून मोकळे होतात.