मेजरचा डबा

दुपारी दुकानात गादीला टाके घालत होतो. फोन वाजला. नाव हणमंताचं दिसलं म्हणून दाभण तसंच गादीत रोवून ठेवलं आणि म्हणालो, "बोला मेजर." पलीकडून आवाज भलत्याच माणसाचा आला. "सिकंदरभाई, मी शिवा. डोंगरावनं खाली आलो, माजी काड्यापेटी मागतुय तर मेजर बोलनात. लिंबाला टेकून बसल्यात. हलवून बघिटलं... त्येंच्याच फोनवनं बोलतुय. तुमी लगीच या." मी पोचलो तेव्हा तो तसाच बसलेला होता, टोपी मांडीवर, डबा शेजारी. झोपलाय असंच वाटावं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास फार झाला नसेल. शिवा एका बाजूला उभा होता. त्याची पेटी डब्यातच होती, पण ती मागायची आता त्याला लाज वाटत होती.

हणमंत फौजेतून नाईक म्हणून रिटायर झाला होता, पण गावानं परस्पर बढती देऊन त्याला मेजर केलं. पेन्शन होती, थोडा ऊस होता. पारावर बसून पत्ते कुटायला कुणाची ना नव्हती. पण ह्या गड्यानं वनखात्यात हंगामी काम धरलं. संक्रांत झाली की डोंगर राखायला जायचं, मृगाचा पाऊस पडला की घरी. काम एकच, वणवा लागू द्यायचा नाही. आमच्या रहिमतपूरच्या बाजूचे डोंगर दर उन्हाळ्यात काळे होतात. जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं, असं बापानं मुलाला सांगितलेलं असतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. घरी म्हैस असते, तिच्यासाठी माणूस काडी ओढतो आणि मागं न बघता घरी येतो.

डबा मात्र आमच्या दुकानातला. आम्ही नदाफ, कापूस पिंजणारे. दुकानात कापूस उडत असतो, तिथं एक ठिणगी म्हणजे सगळा संसार. म्हणून वडिलांनी दाराशी खिळ्याला पत्र्याचा एक झाकणाचा डबा टांगला होता. आत येणाऱ्यानं बिडी-काडी त्यात टाकायची, जाताना घ्यायची. हणमंतानं तो बघितला आणि एक दिवस सरळ काढूनच नेला. "तू दुसरा आन गड्या. माजं दुकान तुज्यापरीस मोठं हाय." डोंगराच्या पायथ्याला लिंबाखाली तो डबा घेऊन बसायला लागला. वर जाणाऱ्यानं पेटी द्यायची, खाली आल्यावर न्यायची. सुरुवातीला माणसं चिडली. "मेजर, आमी काय चोर हाय का?" तो म्हणायचा, "चोर न्हाईस रं, पन बिडी वडतोस." पुढं पुढं माणसं लांबूनच खिशात हात घालायला लागली. कुणाची पेटी कुणाची, ह्यात त्याची कधी चूक झाली नाही.

अडचण होती ती त्याच्या सख्ख्या चुलतीची, सोनाकाकीची. काकीच्या दारात म्हैस होती. काकी बिडी ओढत नाही, तरी कनवटीला पेटी असायचीच. "काकी, तुमाला वो पेटी कशाला?" "वरच्या म्हसोबाला उदबत्ती लावाय." "मंग चला, मीच येतो लावाय." आणि हा पठ्ठ्या एका उदबत्तीपायी म्हातारीच्या मागं अख्खा डोंगर चढायचा आणि तिला पुढं घालून खाली आणायचा. एवढं करूनही कुठल्या ना कुठल्या बाजूनं डोंगर पेटायचाच. हातात ओल्या डहाळ्या घेऊन किती झोडपणार? मग संध्याकाळी भुवया जळालेला हणमंत दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. "गेला गड्या ह्या वर्सीबी." कुणी लावला ते त्याला ठाऊक असायचं. मी विचारलं तर म्हणायचा, "ठाव आसून काय करू? नाव घेतलं तर पंचनामा माज्याच वसरीवर बसायचा." मी चहा सांगायचो.

सुट्टीच्या दिवशी तरी माणसानं घरी पडून राहावं. हा सकाळीच फटफटी घेऊन दारात. त्याची बायको, सुमनवहिनी, म्हणायच्या, "सा दिस डोंगूर आन सातव्या दिशी दुसरा डोंगूर! भावजी, ह्यास्नी मानसाचं वावडं हाय." माझी बहीण आष्ट्याला दिलेली आहे, तिचं निमित्त व्हायचं. तिच्याकडं चहा घेतला की गाडी शिराळ्याच्या बाजूला. कुठं झरा बघ, कुठं जुन्या पायवाटेनं चढ. गुडघे माझे दुखायचे, शिव्या मी घालायचो, आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा मीच मागं बसायचो. असंच एकदा भर चैत्रात एका देवराईत गेलो. देवाची राई, तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, मग जाळणं लांबच. हणमंतानं चपला बाहेर काढल्या, मीही काढल्या. आत पानांचा थर पडला होता. त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "हात घाल." मी घातला. आतली माती गार होती. ओली होती! बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. तो हाताला लागलेल्या मातीकडं बघत म्हणाला, "आपल्या डोंगराला येक उन्हाळा मिळाला पायजे रं. येकच. मंग लोकास्नी मी सांगायची गरजच न्हाई, आसा हात घालून दावीन."

तेव्हापासून त्याचं दुसरं मागणं नव्हतं. आणि यंदा खरंच शिमगा गेला, पाडवा गेला, डोंगर पिवळ्या गवतासकट उभाच. त्याला आनंद व्हायचा सोडून धास्तीच लागली होती. "आवंदा ऱ्हायलाय गड्या. बोलू नगंस, दीठ लागंल." जेवणाचा डबाही तिथंच मागवायचा. उन्हाचा जाऊ नको, जरा दम खा, असं मी म्हणालो होतो, वहिनी तर रोजच म्हणत होत्या... त्यानं आमचं कधी ऐकलंय?

त्याला नेलं ते डोंगराच्या कडेकडेनंच, स्मशानाची वाट तीच आहे. पुढं त्याचा मुलगा, हातात विस्तवाचं मडकं. दोन्ही बाजूंना गुडघाभर वाळलेलं गवत आणि वारं सुटलेलं. बायका गावाच्या शिवेपाशी थांबल्या होत्या. तिथून एकाएकी सोनाकाकी ओरडली, "पोरा, मडकं जपून धर रं! गवतात इंगळ पडंल!" सगळी तिरडी क्षणभर थबकली. मुलानं मडकं छातीशी धरलं. मला तिथं पहिल्यांदा रडू फुटलं.

त्याच्या जागी कुणी आलं नाही. डबा मी दुकानात आणून पुन्हा खिळ्याला टांगला. त्या दिवशीच्या पेट्या आतच होत्या, शिवाचीसुद्धा. न्यायला कुणी फिरकलं नाही.

डोंगर पेटला वैशाखात, दुपारी. मी गच्चीवर कापूस वाळत घालत होतो. आधी धूर दिसला, मग माथ्यावरनं पिवळं उतरत आलं. हात आपसूक फोनकडं गेला आणि सवयीनं हणमंताचाच नंबर लागला. वहिनींनी उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "दिसतंय भावजी. मी दारातच हुबी हाय." आता झोडपायला जाणार कोण? गुडघे धरून मी वाटेला लागलो असतो तरी पोचेपर्यंत राख झाली असती. मी फोन ठेवला आणि कापूस गोळा केला.

परवा सोनाकाकी आली, जुनी उशी पिंजायला घेऊन. उंबऱ्यापाशी थांबली. मी काही म्हणालो नव्हतो, तरी कनवटीची पेटी काढून तिनं डब्यात टाकली. डोंगर कुणी पेटवला, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण हणमंतानं इतकी वर्षं जे विचारलं नाही, ते मी कुठल्या तोंडानं विचारू? उशी कधी मिळेल ते ठरलं. काकी पायरी उतरली. मी हाक मारली, "काकी, तुमची पेटी ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे तितंच," ती म्हणाली. मागं वळली नाही. "खाली आल्यावर त्यो द्यायचा."

ती दिसेनाशी झाल्यावर मी डबा लावायला गेलो. त्या एका पेटीनं झाकण बसेना. ते तसंच आहे.