न लागलेली डुलकी

पत्रा दाबणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या प्रेससमोर, लोखंडी ठोकळ्याखाली हात घालून बसलेल्या माणसाला झोप लागेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? फर्दापूरच्या लोकांना वाटलं. सात वर्षं त्यांनी आपल्याच गावच्या सांडूला ‘डुलक्या’ म्हणून हाक मारली. आणि हे नाव ज्याच्यामुळं पडलं, तो शिवराज पाटील वाळूजच्या कारखान्यात कडक इस्त्रीत फिरत होता.

पिशोरचं बागायतदार घर, कारखान्यात प्रेसचा सुपरवायझर, आणि रुबाब असा की कारखाना याच्या आजोबांनीच बांधलाय. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून शिवराज एका बटणात आगपेटीची काडी खुपसून ते दाबलेलंच ठेवायचा. माल दीडपट निघायचा, साहेब पाठ थोपटायचे.

एका दुपारी सांडूची उजव्या हाताची चार बोटं गेली. शिवराजनं आधी काडी काढली, मग सांडूला उचललं. होय, याच क्रमानं. चौकशीत लिहून दिलं, कामगाराला डुलकी लागली.

सांडूनंही ते मानलं. “पाटील म्हणतात तर लागलीच असंल,” म्हणाला आणि गावाकडं निघून गेला.

मागच्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं. एकोणपन्नासाव्या वर्षी सुपरवायझर म्हणून कोण ठेवणार? शिवराज एका ठेकेदाराकडं हेल्पर लागला आणि तिसऱ्याच दिवशी त्याला प्रेसवर बसवलं. तिथला सुपरवायझर अभय, वयानं निम्मा. त्यानं खिशातून काडी काढली.

“काका, हात उचला जरा. आता एकच बटण दाबायचं.”

“अन् दुसरा हात?”

“तो माल सरकवायला. डोळा लागू देऊ नका म्हणजे झालं.”

शिवराजनं हात आत घातला. ठोकळा डोक्याएवढ्या उंचीवरून आदळत होता. पायाखालची फरशी हादरत होती. इथं झोप? इथं पापणी लवायची भीती. हे त्याला इतकी वर्षं पंख्याखाली उभं राहून दिसलंच नव्हतं. खोटं कशाला, दिसलं होतं.

त्यानं काडी काढून टाकली. अभयनं हातात झाडू दिला.

रविवारी तो फर्दापूरला उतरला. सांडू गाड्यांच्या पार्किंगमध्ये डाव्या हातानं पावत्या फाडत होता. “अरे पाटील! घरी चला,” म्हणून घेऊनच गेला. भागूबाईनं, त्याच्या बायकोनं, चहा ठेवला.

“आमच्या ह्यांना सांगा काही,” ती म्हणाली. “हात गेला, पर झोपाळूपणा गेला नाय.” सांडू हसला. सवयीनं हसला.

शिवराजनं कप खाली ठेवला. “वहिनी, त्याला झोप लागली नव्हती. बटणात काडी मी लावली होती. चौकशीचा कागद खोटा होता.”

सांडूनं तुटक्या हाताकडं पाहिलं. “म्हंजी मी जागा होतो?”

“व्हय.”

“मला वाटायचं, आपलंच ध्यान नाय. लेकीला रस्ता ओलांडून द्यायचं बी मी सोडलं, पाटील.”

भागूबाईनं समोरची कपबशी उचलली. “मला सांगून काय उपेग? समद्या गावानं नाव ठेवलंय. चौकात चला.”

पिशोरचा पाटील, कधी कुणापुढं मान न वाकवलेला, तिच्या मागं मुकाट चालत गेला. हॉटेलासमोर दहा-पंधरा माणसं होती. त्यानं सगळं सांगितलं. तो पुटपुटत होता, तर भागूबाई म्हणाली, “मोठ्यानं. कागदावर लई ठळक लिहिलं होतं.” त्यानं पुन्हा सांगितलं.

बाकावरचा कडूबा म्हातारा शांतपणे म्हणाला, “बरं पाटील, मंग तुमचं नाव काय ठेवायचं?”

कुणी हसलं नाही. शिवराज संध्याकाळच्या एसटीनं परतला. मन हलकं झालं असं कुणी समजू नका. फक्त, दुसऱ्या दिवशी अभयनं पुन्हा प्रेसकडं बोट दाखवलं, तेव्हा आणखी तीन कामगार शिवराजच्या शेजारी येऊन उभे राहिले; काडी निघेपर्यंत प्रेसवर कुणीच बसेना. त्यांना त्यानं सांडूची गोष्ट सांगितली होती. स्वतःचं नाव न गाळता.

तुम्हीही कुणाच्या माथी अशी डुलकी मारली असेल, तर चिठ्ठी पाठवू नका, फोन करू नका. त्याच्या गावी जा, आणि चार माणसांत मोठ्यानं बोला.